हार्ड डिस्क बदलताना

घरातील किंवा दुकानातील संगणक अडला की आपण सरसकट "कॉम्प्युटर गेला" असे म्हणतो. वस्तुतः संगणक असा एकाएकी सगळा जात नाही. त्याचा एखादा भाग जातो, आणि तो कोणता यावर पुढचे सारे अवलंबून असते. पॉवर सप्लाय जळला तर नवा बसवावा. रॅमची पट्टी सैल झाली तर काढून, पुसून पुन्हा बसवावी. या भागांत आपले स्वतःचे असे काहीच साठवलेले नसते. हार्ड डिस्कची गोष्ट निराळी. डिस्क बाजारात मिळते, तिच्यावर लिहिलेले मिळत नाही. त्यामुळे ही दुरुस्ती निम्मी स्क्रू-ड्रायव्हरची आणि निम्मी हिशेबनिसाची असते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने अशा विषयावर लेखणी उचलण्याचे धाडस का केले, याचे उत्तर एवढ्यात आले असे मी समजते.

ज्या संगणकापायी ही माहिती मला गोळा करावी लागली तो माझ्या मामांच्या दुकानातील. सुलतान बाजारात त्यांचे वह्या-कागदाचे लहानसे दुकान आहे. संगणक २०१० साली घेतलेला, १६० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. त्यावर दोन प्रकारचा ऐवज होता. एक, २०११ पासूनचे टॅलीतील हिशेब. दुसरा आजोबांचा. आमचे आजोळ मूळचे बिदर जिल्ह्यातील भालकीचे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि निजामाच्या काळी कचेरीत उर्दू, असा तो मुलूख. आजोबा निवृत्त शिक्षक. मामांकडे राहावयास आल्यावर दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसे तेव्हा ते त्याच संगणकावर बसत, आणि भालकीकडच्या मराठीत रुळलेले कन्नड शब्द व तिकडच्या कन्नडात रुळलेले मराठी शब्द यांचा संग्रह टंकित करीत. मराठी भाग श्री-लिपीत, कन्नड भाग बरहात. २०१९ मध्ये ते वारले. संग्रहाची छापील प्रत कोणी काढलेली नव्हती.

गेल्या वर्षी हा संगणक चालू व्हावयास दहा-दहा मिनिटे घेऊ लागला. मधूनच चालू होताना डिस्क तपासणीचा काळा पडदा आपोआप येई. टॅलीत एखादे जुने वर्ष उघडले की घड्याळाची खूण फिरत राही आणि खोक्यातून टिक्‌ टिक्‌ असा बारीक आवाज येई. मामांचे म्हणणे, "अगं, व्हायरस असेल. फॉरमॅट मारून टाक." हा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. तो ऐकला असता तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजनच उरले नसते.

आधी हार्ड डिस्क म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. बंद पेटीत एका दांड्यावर एक किंवा अधिक गुळगुळीत चकत्या फिरत असतात. त्यांच्यावर चुंबकीय लेप असतो, आणि एका हलत्या बाहूच्या टोकाला असलेले वाचक-शीर्ष त्या लेपावरील खुणा वाचते व लिहिते. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली अशी डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरे मावत. आजच्या एका मोठ्या छायाचित्राला ती अपुरी पडेल. मापे लहान झाली, तत्त्व तेच राहिले. डेस्कटॉपमधील साडेतीन इंची डिस्कची चकती सुमारे ९५ मिलिमीटर व्यासाची असते आणि मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते. गुणाकार करून पाहावा: कडेचा बिंदू ताशी सुमारे १२९ किलोमीटर वेगाने धावत असतो. आणि त्याच्यावर वाचक-शीर्ष तरंगते ते काही नॅनोमीटर अंतरावर. माणसाचा केस सुमारे ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो. धुळीचा कण, टेबलाला बसलेला धक्का किंवा वर्षानुवर्षांची झीज यांतून लेपावर ओरखडा उठला की तेवढी जागा वाचता येईनाशी होते. उठलेला कण पुढे आणखी ओरखडे काढतो. बिघाड एकदा सुरू झाला की तो वाढत जातो असे कारागीर सांगतात, त्यामागचे कारण हे.

डिस्कवरील जागा ५१२ बाइटांच्या लहान कप्प्यांत विभागलेली असते. त्यांस सेक्टर म्हणतात. १६० जीबीच्या डिस्कवर असे ३१ कोटी २५ लाख ८१ हजार ८०८ सेक्टर असतात. (संगणक मात्र हीच डिस्क १४९ जीबीची दाखवतो. कारखानदार हजाराने भागतो आणि विंडोज १,०२४ ने, म्हणून हा फरक. दुकानदाराने फसवले अशी समजूत करून घेऊ नये.) काही सेक्टर राखीव असतात. एखादा सेक्टर खराब झाला की डिस्क स्वतःच राखीवातील एक त्याच्या जागी नेमते आणि गुपचूप पुढे चालते. म्हणूनच बिघाड आपल्याला उशिरा कळतो.

पण डिस्क त्याची नोंद ठेवत असते. या नोंदवहीला स्मार्ट असे नाव आहे, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या मोफत प्रोग्रॅमने ती उघडता येते. तीत पुष्कळ ओळी असतात. आपल्या कामाच्या चार-पाचच. क्रमांक ०५ ही बदली झालेल्या सेक्टरांची संख्या. सी५ म्हणजे वाचताना अडलेले, निकाल प्रलंबित असलेले सेक्टर. सी६ म्हणजे प्रयत्न करूनही न वाचता आलेले. सी७ वाढत असेल तर बहुधा डिस्क निर्दोष असते आणि जोडणारी केबल वाईट असते. ती बदलून पाहावी. ०९ ही ओळ डिस्क एकूण किती तास चालली ते सांगते. येथे एक खाच आहे. हा प्रोग्रॅम मूळ आकडे दशमान पद्धतीत न दाखवता सोळाच्या पायावर दाखवतो. मामांच्या डिस्कवर ०९ समोर "८बी४ई" होते, म्हणजे ३५,६६२ तास. दुकान वर्षाला तीनशे दिवस आठ तास उघडे असते असे धरले तर पंधरा वर्षांचा हिशेब बरोबर जुळतो. ०५ समोर "४सी" म्हणजे ७६, आणि सी५ समोर "२ई" म्हणजे ४६. वर पिवळ्या चौकटीत सावधानतेचा इशारा.

शेहेचाळीस हा आकडा ३१ कोटींच्या मानाने नगण्य वाटतो. तसे समजणे चुकीचे आहे. गूगल कंपनीच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष आढळलेल्या डिस्का पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कांच्या ३९ पट आढळला. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी: बंद पडलेल्या डिस्कांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक डिस्कांनी स्मार्टमध्ये काहीच पूर्वसूचना दिली नव्हती. म्हणजे पिवळी चौकट दिसली तर घाई करावी, आणि न दिसली तरी निर्धास्त राहू नये.

आता घाई कसली करावयाची? बहुतेक लोक येथे विंडोजची डिस्क दुरुस्ती चालवतात, कोणी डीफ्रॅगमेंट करतात. दोन्ही वाईट. ही कामे डिस्कच्या कानाकोपऱ्यात वाचक-शीर्ष धावडवतात आणि दुरुस्ती तर त्याच आजारी डिस्कवर लिहितेही. ज्या बैलाला चढ चढवत नाही त्याला आणखी ओझे घालण्यापैकी हा प्रकार. डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवण्याची युक्तीही ऐकावयास मिळते. बाहेर काढल्यावर आत दमट हवेचे पाणी सुटते, त्याचे काय ते मात्र कोणी सांगत नाही. खरा क्रम असा: संगणक बंद करावा, नवी डिस्क येईपर्यंत चालू करू नये, आणि नवी आली की प्रथम जुनीची जशीच्या तशी नक्कल उतरवावी. जी काही दुरुस्ती करावयाची ती नकलेवर. डिस्कमधून खडखडाट येत असेल किंवा ती ओळखूच येत नसेल, तर मात्र घरी हात घालू नये. ते काम धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेचे, आणि ते महाग असते.

नवी डिस्क आणावयास मी सिकंदराबादेस पार्क लेनला गेले. तेथील चेनॉय ट्रेड सेंटर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले सीटीसी, हे आपल्या शहरातील संगणकाच्या सुट्या भागांचे माहेरघर. हैदराबादला संगणकाची परंपरा आजच्या काचेच्या इमारतींहून जुनी आहे, हे आपण कधी कधी विसरतो. येथील ईसीआयएल ही सरकारी कंपनी १९६७ साली स्थापन झाली आणि १९६९ मध्ये तिचा टीडीसी-१२ हा संगणक तयार झाला. असो. सीटीसीतील अरुंद बोळांत जुन्या डिस्कचे नाव काढताच एका कारागिराने आपल्या दखनी बोलीत निकाल दिला, "चेक डिस्क नक्को चलाओ, पैले कॉपी मार लेओ." इतक्या नेमक्या शब्दांत हे मला कोणत्याच पुस्तकात सापडले नव्हते.

जुन्या डेस्कटॉपला नवी फिरती डिस्क घ्यावी की एसएसडी? माझे मत स्पष्ट आहे: कामाची डिस्क म्हणून एसएसडी. फिरत्या डिस्कला एखादा सेक्टर शोधण्यासाठी बाहू हलवावा लागतो आणि चकती फिरून येईपर्यंत थांबावे लागते. सरासरी अर्धा फेरा म्हणजे चार मिलिसेकंद, बाहूची हालचाल धरून बारा-तेरा. म्हणजे इकडचे-तिकडचे तुकडे वाचावयाचे तर सेकंदाला पाऊणशेच्या आसपास. एसएसडीत हलणारा भागच नाही. तेच काम ती मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास करते. जुन्या मदरबोर्डवरील साटा जोडणी दुसऱ्या पिढीची असते आणि सेकंदाला ३०० मेगाबाइटांपलीकडे जात नाही, म्हणून नवी एसएसडी तेथे आपला पूर्ण वेग दाखवू शकत नाही. पण चालते निश्चित, आणि फरक डोळ्यांना जाणवतो. एक गोष्ट मात्र एसएसडीला जमत नाही. तिच्यातील खुणा विद्युतभाराच्या असतात आणि वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवली तर तो भार झिरपून जाऊ शकतो. तेव्हा जपून ठेवावयाची प्रत फिरत्या डिस्कवर असावी.

खरेदी करताना नवीची क्षमता जुनीइतकी किंवा अधिक असावी. एक सेक्टरही कमी चालत नाही. जुनी १६० जीबीची असल्याने मी २४० ची घेतली. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा, नाहीतर पुढे वॉरंटीच्या वेळी वाद होतो. दुकानातच ती जोडून ०९ ची ओळ पाहावी. कोऱ्या डिस्कवर तो आकडा शून्याच्या जवळपास असला पाहिजे. बरोबर अडीच इंची डिस्क साडेतीन इंची जागेत बसवण्याची पट्टी घ्यावी. स्क्रूही पाहून घ्यावेत: मोठ्या डिस्कचे जाड आट्यांचे आणि अडीच इंचीचे बारीक आट्यांचे असतात. एकाचे दुसऱ्यात पिळले तर आटे जातात. संगणक २००५ च्या आधीचा असेल तर रुंद चपट्या पट्टीची आयडीई जोडणी असण्याचा संभव आहे. मग साटाचे रूपांतर करणारा छोटा अडॅप्टर लागतो. कोठीच्या गुजराती गल्लीत असले किडूकमिडूक शोधणे हा एक वेगळाच आनंद आहे.

खोका उघडण्याचे काम त्या मानाने सोपे. प्लग भिंतीतून काढावा, मग चालू करण्याचे बटण दोन-चार सेकंद दाबून आत उरलेली वीज जाऊ द्यावी, आणि हात लावण्यापूर्वी खोक्याच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत उतरवावी. साटाच्या दोन केबली असतात, माहितीची अरुंद व विजेची रुंद. दोन्हींच्या तोंडाला काटकोनी खाच असते, म्हणून उलट्या बसत नाहीत. जुनी डिस्क जागेवरच ठेवून नवी मोकळ्या पोर्टला जोडली. पंधरा वर्षांची धूळ मऊ ब्रशने काढली आणि मदरबोर्डवरील सीआर-२०३२ ही नाण्याएवढी बॅटरीही बदलली. ती संपली की संगणक दर सकाळी कित्येक वर्षे मागची तारीख दाखवतो. हिशेबाच्या यंत्राला तो दोष लहान नव्हे.

नक्कल उतरवण्यासाठी विंडोज चालू करावयाची नाही. पेन ड्राइव्हवर सिस्टमरेस्क्यू ही मोफत लिनक्स प्रणाली घालून तिच्यावरून संगणक सुरू करावा. तीत डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम असतो. त्याची रीत मला फार शहाणपणाची वाटली. नेहमीचा नकलाकार वाईट सेक्टरपाशी अडून बसतो, आणि तोवर डिस्क दम सोडते. डीडीरेस्क्यू पहिल्या फेरीत जे सहज वाचता येते ते सगळे उचलतो, अडलेला भाग खूण करून सोडून देतो, आणि मागाहून त्या भागाचे लहान लहान तुकडे करीत पुन्हा प्रयत्न करतो. परीक्षेत अवघड प्रश्न मागे ठेवण्याचा सल्ला आपले प्राध्यापक देतात, तोच हा. केलेल्या कामाचा नकाशा तो एका फाइलीत लिहीत जातो, म्हणून मध्येच वीज गेली तरी तेथून पुढे सुरू करता येते. मात्र ती फाइल पेन ड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर असावी लागते. युपीएस जोडलेला असावा हे हैदराबादच्या उन्हाळ्यात राहणाऱ्यास सांगावयास नको.

या कामात जीवघेणी जागा एकच. प्रोग्रॅमला आधी मूळ डिस्कचे नाव द्यावयाचे असते आणि नंतर नकलेचे. ही अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि मग कोणी काही करू शकत नाही. लिनक्स डिस्कांना जी नावे देते ती केवळ जोडणीच्या क्रमाने, म्हणून नावावर विसंबू नये. क्षमता आणि अनुक्रमांक दोन्ही पडद्यावर पाहावेत आणि डिस्कवरील चिठ्ठीशी ताडावेत. मी दोन्ही अनुक्रमांक कागदावर लिहून मामांना मोठ्याने वाचावयास लावले. त्यांना तो पोरखेळ वाटला, पण बँकेत रोकड मोजताना दुसऱ्याची सही का घेतात ते त्यांना ठाऊक होते.

पहिली फेरी तासाभरात संपली. उरलेल्या काही मेगाबाइटांसाठी रात्र गेली. सकाळी नकाशात ५८ सेक्टर शेवटपर्यंत न वाचलेले राहिले. ५८ गुणिले ५१२ म्हणजे २९,६९६ बाइट. मग जुनी डिस्क सोडवली, नवी तिच्या केबलवर लावली, आणि विंडोज दोन मिनिटांच्या आत चालू झाली. बायोसमध्ये आयडीई व एएचसीआय असा पर्याय असतो, तो या वेळी बदलू नये. जुनी विंडोज त्या बदलाने निळा पडदा दाखवून बसते. उरलेली ऐंशी जीबी जागा विंडोजच्या डिस्क व्यवस्थापनातून जोडून घेता येते.

बहुतेक जण येथे काम संपले म्हणून हात धुतात. माझ्या मते खरे काम येथे सुरू होते. ते ५८ सेक्टर नकलेवर कोरे राहिले आहेत, आणि नवी डिस्क त्यांच्याविषयी एक शब्द बोलणार नाही, कारण ती स्वतः निरोगी आहे. विंडोजची तपासणी फाइलींची नावे व त्यांची मांडणी पाहते. फाइलीच्या पोटात चार ओळी गायब असतील तर तिला पत्ता लागत नाही. मग हरवले काय ते कसे शोधावे? डीडीरेस्क्यूत एक सोय आहे. न वाचलेल्या जागी, नकलेवर, आपण ठरवलेले खुणेचे शब्द भरता येतात. नंतर सर्व फाइलींत त्या शब्दांचा शोध घेतला की ज्या फाइलींत ते सापडतील त्या बाधित. आमच्याकडे तीन फाइली निघाल्या: विंडोजची एक बिनमहत्त्वाची तात्पुरती फाइल, टॅलीचा २०१४ मधील एक जुना बॅकअप, आणि मावशीच्या लग्नातले एक छायाचित्र, ज्याचा खालचा अर्धा भाग आता करडा दिसतो. बाकीचे सेक्टर रिकाम्या जागेत होते. टॅलीच्या पाच आकडी नावाच्या फोल्डरांत खुणेचा शब्द आढळला नाही.

तरी हिशेब पडताळून पाहिलेच पाहिजेत, कारण बिघाड जुना होता आणि गेल्या काही महिन्यांत विंडोजच्या आपोआप दुरुस्तीने काय केले असेल हे खुणेच्या शब्दांनी कळत नाही. मामांनी टॅली उघडून तेरीज पाहिली. दोन्ही बाजू जुळल्या. ते समाधानाने उठू लागले. पण प्रथम वर्षाच्या पुस्तकातच आपण शिकतो की तेरीज जुळणे हा हिशेब पूर्ण असल्याचा पुरावा नव्हे. एखादे व्हाउचर समूळ नाहीसे झाले तर त्याची नावेही जाते आणि जमाही जाते. दोन्ही बाजू सारख्याच कमी होतात आणि तेरीज आनंदाने जुळते. परीक्षेत दोन गुणांसाठी पाठ केलेली ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथमच खरी वाटली. हरवलेले शोधायचे तर वहीबाहेरचा साक्षीदार हवा. आम्ही तीन साक्षीदार घेतले: सनदी लेखापालांनी सही केलेले छापील ताळेबंद, बँकेची पासबुके आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर भरलेली विवरणपत्रे. प्रत्येक वर्षाची अखेरची शिल्लक पुढील वर्षाच्या सुरुवातीच्या शिल्लकेशी ताडली, महिनावार विक्री विवरणपत्राशी ताडली. दोन रविवार गेले. सगळे जुळले.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२१-२२ ची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२२ होती. म्हणजे त्या वर्षाच्या वह्या ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत हाताशी हव्यात. कंपन्यांना तर २०१३ च्या कायद्याने आठ आर्थिक वर्षांचे बंधन आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर संगणकीय वह्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावी लागते. मामांचे दुकान कंपनी नव्हे. पण कायद्याला "डिस्क गेली" हे उत्तर चालत नाही, हे दोघांनाही सारखेच लागू.

आजोबांच्या संग्रहाची अडचण वेगळ्या जातीची होती. फाइली शाबूत होत्या. परंतु श्री-लिपीतील किंवा जुन्या बरहातील मजकूर हा आजच्या युनिकोडप्रमाणे देवनागरी वा कन्नड अक्षरे म्हणून साठवलेला नसतो. तेथे इंग्रजी अक्षरांच्याच जागा वापरलेल्या असतात आणि त्यांच्यावर फॉन्ट मराठी वा कन्नड आकाराचा पडदा घालतो. नुसत्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. "फॉरमॅट मारून" नवी विंडोज घातली असती, आणि त्याआधी फाइली प्रामाणिकपणे वेगळ्या ठेवल्या असत्या, तरीही फॉन्ट गेले असते आणि संग्रह वाचता आला नसता. संपूर्ण डिस्कची नक्कल करण्याचा हा मोठा लाभ: फॉन्ट, कळफलकाची मांडणी, सारे जागच्या जागी राहते. आता मी तो मजकूर थोडा थोडा युनिकोडमध्ये उतरवीत आहे. परिवर्तक प्रोग्रॅम मिळतात, पण जोडाक्षरांत व रफारात चुका करतात. कन्नड ओत्तक्षरांचे हाल तर विचारू नका. प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे लागते. आपल्या वार्षिक अंकाच्या दोन्ही विभागांची जुनी जुळणी ज्या कोणत्या खोलीत, ज्या कोणत्या संगणकावर पडून असेल, त्याच्या डिस्कचा ०९ चा आकडा एकदा पाहावा अशी प्राध्यापक मंडळींना विनंती.

राहिला विंडोजचा प्रश्न. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज १० चीही सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ इतक्या जुन्या यंत्राला अधिकृतपणे स्वीकारत नाही. म्हणून मामांचा संगणक आम्ही इंटरनेटपासून तोडून केवळ जुने हिशेब व आजोबांच्या फाइली यांसाठी ठेवला. विवरणपत्रे भरण्यासाठी दुसरा लॅपटॉप आहे. ज्यांना जुन्या प्रोग्रॅमांची गरज नाही त्यांनी त्याच यंत्रावर लिनक्स घालावी; एसएसडीवर ती चांगली पळते.

काढलेली डिस्क लगेच भंगारात देऊ नये. पडताळणी पूर्ण होईपर्यंत आणि निदान दोन प्रती झाल्याखेरीज ती जपावी. नंतर देताना, तिच्यावर गिऱ्हाइकांची नावे, पॅन क्रमांक, बँकेचे तपशील वाचता येण्याजोगे असतात हे ध्यानात ठेवावे. फाइली पुसल्याने ते जात नाहीत, आणि आजारी डिस्कवर पूर्ण पुनर्लेखनही धड होत नाही. चकत्यांतून आरपार दोन-तीन भोके पाडावीत, डोळ्यांना चष्मा लावून. काही चकत्या काचेच्या असतात आणि फुटतात. उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा, त्यासाठीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मामांची जुनी डिस्क अद्याप गल्ल्याशेजारच्या कपाटात आहे. तिच्यावर मी चिठ्ठी लावली आहे: "५८ सेक्टर खराब, ३५,६६२ तास चालली, जोडू नये."